आजीच्या डब्यातील होडी आणि तोंडावर आलेला पावसाळा: हाताची लेस शिकण्यास कोठून सुरुवात करावी?

खाडीकाठ | ५ जून

नमस्कार. मी दाभोळ खाडीच्या काठी राहते आणि गेल्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाले. पावसाआधीची आवराआवर करताना माळ्यावर आजीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात बोटभर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली, होडीसारखी एक पिवळसर वस्तू होती. तिच्या पोटात पांढरा दोरा गुंडाळलेला होता आणि त्याच दोऱ्याच्या टोकाला वीतभर लांबीची, लहान लहान कड्यांची अर्धवट लेस लटकत होती. आजी लग्नाआधी गिरगावात राहत असे, तेथेच ती हे शिकली असावी, एवढेच आईला आठवते. घरात आता हे काम कोणालाही येत नाही.

मला हे शिकायचे आहे. विकण्यासाठी नव्हे, चार महिने पाऊस कोसळत असताना हाताला काही तरी उद्योग हवा म्हणून. माझे प्रश्न तीन आहेत. हे काम नेमके कोणते? शिकवणारे कोणी जवळ नसताना ते जमते का, की आधी दुसऱ्या एखाद्या प्रकाराने हात बसवावा? आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातील साड्यांनाही बुरशी येते, तेथे पांढऱ्या दोऱ्याचे काम टिकवावे कसे?

सुईदोरा | ५ जून

ताई, वर्णनावरून ते टॅटिंग, म्हणजे गाठी मारून करायची लेस, वाटते, पण माझा सल्ला विचाराल तर सुरुवात क्रोशाने करावी. एक सुई आणि दोऱ्याची एक गुंडी एवढ्यावर काम भागते, चुकले तर दोरा ओढून उसवता येते, आणि रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक आळीत साखळी आणि खांब हे टाके शिकवू शकणारी एक तरी काकू सापडतेच. वीस नंबरचा दोरा आणि एक मिलिमीटरची सुई घ्या. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक असतो, हे दुकानात जाण्यापूर्वी लक्षात ठेवा, कारण मी पहिल्या वेळी उलटे समजून ऐंशी नंबर आणला होता आणि आठवडाभर डोळे चोळत बसले होते.

नमुने आंतरजालावरून घेणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. ब्रिटिश आणि अमेरिकी नमुन्यांत एकच नाव वेगवेगळ्या टाक्यांना आहे. ब्रिटिश पद्धतीत ज्याला डबल म्हणतात तो बुटका टाका, आणि अमेरिकी पद्धतीत डबल म्हणजे आपला उंच खांब. आमच्या पिढीचे शिक्षण ब्रिटिश पुस्तकांवर झाले. भाचीच्या रुखवतासाठी मी अमेरिकी नमुन्यावरून समईखालचा गोल रुमाल विणायला घेतला आणि सगळे टाके बुटके घातले. टाक्यांची संख्या तेवढीच राहिली, उंची मात्र कमी झाली, त्यामुळे रुमाल सपाट न बसता कडेने चुण्या पडून कोबीच्या पानासारखा उभा राहिला. समई त्यावर ठेवण्याचे धाडस कोणी केले नाही.

टाका_चुकला | ५ जून

रुखवतात कोबी मांडणारे पहिले घराणे म्हणून आपली नोंद व्हावी.

आबोली | ६ जून

सुईदोराताईंशी मी आदरपूर्वक असहमत आहे. क्रोशा सोपा आहे हे खरे, पण क्रोशा येणाऱ्या माणसाला टॅटिंग लवकर येते असा माझा अनुभव नाही. दोन्हींत हाताची सवयच वेगळी आहे. खाडीकाठताईंना आजीचेच काम पुढे न्यायचे असेल तर त्यांनी सरळ टॅटिंग घ्यावे.

आधी खात्री करून घ्या. कड्या भिंगातून पाहा. प्रत्येक कडीवर जोडीजोडीने बसलेल्या बारीक गाठी दिसतात का? मध्येच दोऱ्याचे सुटे फासे बाहेर डोकावतात का? त्यांना पिको म्हणतात. मग होडीकडचा दोरा हलकेच ओढा. क्रोशा असेल तर काम भराभर उसवू लागेल, टॅटिंग असेल तर काहीही होणार नाही, कारण ते सगळे गाठींचेच काम आहे. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची शिक्षा. चुकलेली कडी एकदा आवळली की ती पुन्हा उघडताना सुईच्या टोकाने अर्धा तास जातो.

त्या होडीला शटल म्हणतात. फ्रेंच लोक या कामाला फ्रिव्होलिते, म्हणजे थिल्लरपणा, आणि इटालियन लोक कियाकियेरिनो, म्हणजे गप्पाष्टक, अशा अर्थाचे नाव देतात. यावरून हे काम कोठे बसून करावे याचा अंदाज यावा.

खाडीकाठ | ६ जून

ओढून पाहिले. उसवले नाही. गाठी जोडीजोडीनेच आहेत आणि दर पाच जोड्यांनंतर एक पिको आहे. टॅटिंगच ठरले, आभारी आहे. शटल प्लॅस्टिकचे की हाडाचे, हे मात्र कळत नाही.

आबोली | ६ जून

अंगठ्याने जोरात घासून, गरम झाल्यावर वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड आहे, कारण ते कापूर घालूनच बनवत असत. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका, ते भडकन पेटते.

खाडीकाठ | ६ जून

कापराचाच वास आला. डबा उघडला तेव्हाही तो आला होता, पण मला वाटले की आजीच्या देव्हाऱ्याचा असेल. आता शटल निरांजनापासून दूर, वेगळ्या कापडी पिशवीत ठेवले आहे.

काथ्या | ७ जून

विषय चांगला आहे, पण एक व्यावहारिक प्रश्न विचारतो, रागावू नये. बाजारात मशीनची लेस मीटरला वीस-तीस रुपयांत मिळते. वीतभर लेसेसाठी चार संध्याकाळी घालवायच्या, मग ती कपाटात ठेवायची, मग तिला बुरशी येते म्हणून येथे चर्चेचा धागा काढायचा. यातून साध्य काय होते? शिकायचेच असेल तर विकण्यासारखे काही शिकावे.

सुईदोरा | ७ जून

काथ्यादादा, आपण गळ टाकून दिवसभर जेटीवर बसता, असे आपणच दुसऱ्या धाग्यावर लिहिले होते. मासे बाजारातही मिळतात.

पोफळी | ७ जून

विकण्याच्या मुद्द्याला थोडे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते, कारण छंद आणि मजुरी यांतील सीमारेषा या कलेत फार दुखरी आहे. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि आज तेथे हजारो बायका हे काम करतात. त्या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील बायकांचा अभ्यास करून तो १९८२ साली प्रसिद्ध केला, आणि त्यात दाखवून दिले की दिवसाचे सहा-आठ तास लेस विणणाऱ्या या बायकांना कोणी कामगार म्हणतच नव्हते. त्या घरी बसून रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणी आहेत असे मानले की मजुरी नाममात्र देता येते. निर्यातीचा नफा मधल्या व्यापाऱ्यांकडे जात असे.

तेव्हा ‘चार पैसे मिळतील’ म्हणून कोणी या कामात उतरत असेल तर आधी घड्याळ लावून बसावे. माझी स्वतःची गती ताशी चार सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. ताशी किमान मजुरी धरली तर मीटरभर लेसेची किंमत ऐकून गिऱ्हाईक जिना उतरून जाईल. छंद म्हणून करणाऱ्याला हा हिशेब मांडावा लागत नाही, एवढीच आपली चैन.

काथ्या | ७ जून

गळाचा मुद्दा मान्य. पोफळी यांचे उत्तर पटले. वाचत आहे.

माहेरवाशीण | ९ जून

मी मालवणची. मागच्या पावसाळ्यात हौसेने टॅटिंगचा एक तयार संच ऑनलाइन मागवला होता, विक्रेत्याचे नाव देत नाही. शटलची दोन्ही टोके इतकी घट्ट मिटलेली होती की दोरा आतच जाईना, आणि बळेच घातला तर त्याची साल निघत होती. मी महिनाभर स्वतःलाच दोष देत राहिले. टोकांमधून दोरा हलक्या ‘टक्’ आवाजाने आत-बाहेर जायला हवा आणि सोडले तर शटल लोंबकळत राहायला हवे, आपोआप उलगडायला नको, हे मला नंतर कळले. ज्यांना नवीन घ्यायचे आहे त्यांनी एवढे पाहून घ्यावे.

शटल बदलूनही मला पहिली कडी कधी आवळता आली नाही, ती आली नाहीच. गाठी बसतात, पण दोरा ओढला की सगळे जागच्या जागी अडकते. कोणी सांगू शकेल का?

आबोली | ९ जून

माहेरवाशीणताई, शंभरांतले नव्वद लोक येथेच अडतात, म्हणून नीट लिहिते.

डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फेरा असतो आणि उजव्या हातात शटल असते. शटल फेऱ्याखालून नेऊन वरून परत आणले की अर्धी गाठ पडते. या क्षणी गाठ शटलच्या दोऱ्याने फेऱ्याच्या दोऱ्यावर मारलेली असते, आणि ती चुकीची आहे. आता डाव्या हाताची बोटे सैल सोडायची आणि शटलचा दोरा ताठ ओढायचा. त्याबरोबर वळसा एका दोऱ्यावरून उडी मारून दुसऱ्यावर जातो. आता फेऱ्याच्या दोऱ्याची गाठ शटलच्या ताठ दोऱ्यावर बसलेली असते. मग डाव्या हाताचे मधले बोट उचलून ती गाठ शेजारच्या गाठीपर्यंत सरकवायची. दुसरा अर्धा भाग याच्या उलट असतो, शटल वरून जाते आणि खालून येते, पण उडी तीच. दोन्ही अर्ध्या मिळून एक पूर्ण टाका होतो. सगळ्या गाठी शटलच्या सरळ दोऱ्यावर बसल्या असतील तरच शेवटी तो दोरा ओढून कडी आवळता येते. एकही उडी हुकली की कडी तेथेच कुलूपबंद होते.

सरावासाठी दोन रंगांचे दोरे एकत्र गाठ मारून घ्या. शटलमध्ये लाल, बोटांवर पांढरा. गाठी पांढऱ्या दिसल्या तर बरोबर, लाल दिसल्या तर उडी हुकली. दोरा जाड घ्या, दहा नंबरचा, आणि पहिल्या आठवड्यात कडी करण्याच्या फंदात पडू नका, फक्त पांढऱ्या गाठींची रांग करा.

माहेरवाशीण | १० जून

माझ्या सगळ्या गाठी लाल निघाल्या. वर्षभराचे कोडे एका रात्रीत सुटले.

हर्णैचा_वारा | १२ जून

मी या विषयात परका आहे, पण धागा वाचताना हात शिवशिवले. आमचे घर मच्छीमारांचे. आता जाळी नायलॉनची आयती येतात आणि हाताने होते ती फक्त दुरुस्ती, पण माझे आजोबा सुती जाळे पूर्ण हाताने विणत. बांबूच्या चपट्या सुईत दोरा भरायचा, मापाच्या पट्टीवरून वळसा घ्यायचा, वरच्या घरातून सुई काढून गाठ आवळायची. पट्टी जेवढी रुंद तेवढे घर मोठे. मला प्रश्न असा पडला की लेस आणि जाळे यांत फरक कोणता? दोन्हीकडे आपण भोकेच विणतो.

पोफळी | १२ जून

हर्णैकरदादा, आपण परके नाही, सगळ्यांत जवळचे आहात. फिले नावाची लेस याच गाठीने, याच सुई-पट्टीने विणतात. फक्त सुई काडीएवढी आणि घर चार-पाच मिलिमीटरचे असते. कोपऱ्यात दोन घरांपासून सुरुवात करून दर ओळीला एक घर वाढवत गेले की तिरपे विणलेले जाळे चौकटीत ताणल्यावर चौरस घरांचे दिसते. मग त्यातील काही घरे सुईदोऱ्याने रफू केल्यासारखी भरून मोर, फुले, नावे उमटवतात. पोर्तुगालमध्ये पेनिश आणि व्हिला दो कोंदे ही मच्छीमारांची गावेच बॉबिन लेसेसाठी, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या काड्या (बॉबिन) उशीवर टोचलेल्या टाचण्यांभोवती फिरवून विणलेल्या लेसेसाठी, प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्याकडे म्हणच आहे की जेथे जाळी तेथे लेस.

टाका_चुकला | १३ जून

म्हणजे चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज होते, तेथूनच आजींचे शटल दाभोळला आले, असे समजावे काय?

पोफळी | १३ जून

मोह आवरावा. चौल आणि कोर्लई १७४० साली मराठ्यांकडे आले, आणि टॅटिंग युरोपातच घरोघर पोचले ते एकोणिसाव्या शतकात. आपल्या देशात लेस पसरली ती बहुतांशी मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून. दक्षिणेत नागरकोइलला १८२० च्या सुमारास लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनी उशीवरची बॉबिन लेस शिकवण्यास सुरुवात केली होती. गिरगावातील आजींच्या हाती शटल आले असेल तर ते शाळेच्या शिवणाच्या तासाला, समुद्रमार्गे नव्हे.

खाडीकाठ | १५ जून

पाऊस सुरू झाला. पांढऱ्या गाठींची रांग आता हातभर झाली आहे, पण माझा तिसरा प्रश्न तसाच राहिला. दमटपणाचे काय करावे?

पोफळी | १५ जून

हा प्रश्न मी स्वतःचे हसे करून घेऊन सोडवला आहे, म्हणून अधिकाराने लिहितो. मी अलिबागजवळ राहतो आणि बॉबिन लेस करतो. तिच्यात क्रिया दोनच असतात, दोऱ्यांची जोडी एकमेकींवरून ओलांडणे आणि जोडीतल्या जोडीत पीळ देणे. बाकी सगळी टाचण्यांची करामत. बॉबिन मी बांबूच्या कामट्या तासून केल्या आणि बारा जोड्यांवर सुरुवात केली. जुन्या पुस्तकांत उशी पेंढ्याने ठासून भरावी असे लिहिलेले असते. आपल्याकडे पेंढ्याला काय तोटा, म्हणून मी भाताचा पेंढा भरला. त्यात राहिलेल्या चार लोंब्या उंदरांनी एका रात्रीत शोधून काढल्या आणि सकाळी उशीच्या पोटातून बोगदा गेलेला होता. आता मी पार्सलमध्ये येणारा दाट फोम वापरतो.

दुसरी चूक अधिक महाग पडली. जुलैमध्ये काम उशीवर तसेच ठेवून तीन आठवडे गावाला गेलो. परत आलो तेव्हा साध्या लोखंडी टाचण्यांपैकी प्रत्येकीच्या मुळाशी गंजाचा एक तपकिरी ठिपका होता, आणि टाचण्या दोनशेच्या वर होत्या. लिंबाचा रस आणि मीठ लावून, पावसाने उघडीप दिलेल्या एका दुपारी उन्हात ठेवून, लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन बहुतेक डाग गेले. पितळेच्या टाचण्यांना खाऱ्या हवेत कळंक चढतो आणि तो हिरवट डाग सोडतो. स्टेनलेस स्टीलच्याच घ्या.

सुईदोरा | १५ जून

साठवणीबद्दल माझे चार शब्द. लेस कडक राहावी म्हणून आपल्याकडे तांदळाच्या पेजेची खळ देतात, आणि ती दिसते फार सुरेख, पण खळ दिलेली लेस कपाटात कधीही ठेवू नये. खळीवर कसर आणि झुरळे येतात आणि दोराही खातात. ठेवताना रिठ्याच्या पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवून, बिनखळीची, जुन्या धुवट सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावी. घडी घालू नये, घडीवर दोरा तुटतो. पुठ्ठ्याच्या नळीवर कापड गुंडाळून वर लेस गुंडाळावी. प्लॅस्टिकची पिशवी पावसाळ्यात नकोच, आतल्या आत घाम धरते. खळ वापरायच्या आदल्या दिवशी द्यावी.

माहेरवाशीण | १७ जून

दोरा कापसाचाच हवा का? आमच्या कुंपणाला घायपात आहे म्हणून विचारते.

पोफळी | १७ जून

आपण गमतीने विचारले असेल, पण क्रोएशियातील ह्वार बेटावर बेनेडिक्टाइन जोगिणी घायपातीच्याच तंतूंची लेस करतात. क्रोएशियाच्या लेसकामाचा समावेश २००९ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला, त्यात ह्वारही आहे. पानाचा गर खरवडून आतले केसासारखे तंतू काढतात.

माहेरवाशीण | २० जून

तंतू निघाले. ते बोटभरच लांब होते आणि मला दोन दिवस कोपरापर्यंत खाज सुटली होती. घायपातीच्या चिकाने असे होते हे आईने नंतर सांगितले. मी कापसाकडे परत आले आहे.

टाका_चुकला | २० जून

ह्वारच्या जोगिणींचा संयम आता खऱ्या अर्थाने कळला.

खाडीकाठ | ११ ऑगस्ट

बरेच दिवसांनी लिहीत आहे. कड्या जमू लागल्या आहेत. पहिल्या चाळीस लंबगोल, वाकड्या आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या झाल्या, त्यानंतरच्या बऱ्या आहेत. पिको सारख्या उंचीचे यावेत म्हणून आबोलीताईंनी निरोपात सुचवल्याप्रमाणे पुठ्ठ्याची अरुंद पट्टी मध्ये धरते. गेल्या आठवड्यात वीज गेली असताना कंदिलाच्या उजेडात एक कडी न पाहता पूर्ण झाली.

आता मूळ गोष्टीकडे येते. आजीची वीतभर लेस पुढे न्यावी का? तिच्या शटलमध्ये तिने गुंडाळलेला दोरा अजून आहे. तो वापरावा, की नवीन जोडावा, की काम जसे आहे तसेच चौकटीत बसवावे? घरात तीन माणसांची तीन मते आहेत.

सुईदोरा | ११ ऑगस्ट

चौकटीत बसवा. तुमच्या कड्या कितीही चांगल्या झाल्या तरी हात वेगळा दिसणारच.

आबोली | ११ ऑगस्ट

हात वेगळा दिसू द्यावा. फक्त आधी जुन्या दोऱ्याची ताकद पाहा. वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. तटकन तुटला तर तो कडी आवळताना नक्की दगा देईल. नवीन दोरा जोडायचा तर जोड दोन कड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत घ्या, कडीच्या आत गाठ आली तर ती सरकत नाही.

खाडीकाठ | १२ ऑगस्ट

वरचे वेढे कुजलेले निघाले, कागदासारखे तुटले. आतला दोरा मात्र धडधाकट आहे, माझ्या मापाने सुमारे दोन वाव. म्हणजे लेसेकडचा कुजका भाग कापून आतला दोरा तेथे जोडावा लागेल. मोकळा दोरा बोटभरच उरतो. अशा बारीक दोऱ्याला न घसरणारी, लहानशी गाठ कोणती?

हर्णैचा_वारा | १२ ऑगस्ट

ताई, जाळ्याचीच गाठ मारा. एका टोकाचा फास करा. दुसरे टोक फासातून खालून वर काढा, फासाच्या दोन्ही दोऱ्यांच्या मागून फिरवा आणि स्वतःच्याच अंगाखालून घेऊन आवळा. मागावरचे विणकरही तुटलेला दोरा याच गाठीने जोडतात. ओला झाला तरी सुटत नाही, आणि गाठ तांदळाच्या कणीहून मोठी दिसत नाही. आधी जाड सुतळीवर दहा वेळा मारून पाहा.

खाडीकाठ | १४ ऑगस्ट

सुतळीवर दहा वेळा, वीस नंबरच्या दोऱ्यावर सहा वेळा, आणि मग आजीच्या दोऱ्यावर एकदा. बसली. तिच्या शेवटच्या कडीनंतर आज माझ्या तीन कड्या झाल्या आहेत. माझ्या किंचित मोठ्या आहेत. शटलमधला दोरा संपल्यावर नवीन पांढरा जोडावा लागेल आणि तो जुन्यापेक्षा फारच झगझगीत दिसेल, म्हणून तो चहाच्या पाण्यात बुडवून घ्यावा का, असे विचारायचे होते.

सुईदोरा | १४ ऑगस्ट

चहात बुडवू नका, पुढे दोरा कमजोर होतो. बाजारात फिक्कट मोतिया रंगाचा दोरा मिळतो, त्याच्या दोन-तीन छटा आणून दिवसाउजेडी आजींच्या कड्यांशेजारी धरून पाहा. आणि चौकटीचे माझे मत मी मागे घेते.